नाव पाठवलं होतं, मग यादीत का नाही? शौर्य पुरस्कारांच्या शिफारशींबद्दल थोडं सविस्तर

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. थोडक्यात तो असा. त्यांचा धाकटा भाऊ राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या सेनेच्या खास दलात आहे. एप्रिलच्या शेवटी दक्षिण काश्मीरमधल्या एका चकमकीत त्याच्या मांडीत गोळी घुसली. तशाही अवस्थेत त्याने आपल्या जखमी साथीदाराला आडोशाला ओढून आणलं. वडील रुग्णालयात भेटायला गेले तेव्हा कंपनीतल्या एका सुभेदारसाहेबांनी त्यांना आपुलकीने सांगितलं, "बाबा, पोराचं नाव शौर्यचक्रासाठी वर गेलंय." ही बातमी गावात पोचली, चौकात फ्लेक्स लागले, सत्काराची तयारी सुरू झाली. १५ ऑगस्टच्या यादीत मात्र नाव नव्हतं. आता घरचे विचारताहेत: नाव कोणी कापलं? माहितीच्या अधिकारात विचारता येईल का? खासदारसाहेबांकडे जावं का? भाऊ फोनवर एवढंच म्हणतो, "ताई, तो विषय काढू नका."

ताई, मी पायदळात नोकरी केली. कंपनी कमांडर असताना माझ्या जवानांची साइटेशन (पुरस्कारासाठी पराक्रमाचं लेखी वर्णन) स्वतः लिहिली, नंतर वरच्या मुख्यालयात स्टाफवर असताना इतर युनिटांकडून आलेली वाचली. त्यामुळे या कागदाची दोन्ही टोकं मला माहीत आहेत. तुमच्या भावाच्या फाइलवर नेमकं काय झालं ते मला कळायचा मार्ग नाही. पण असं प्रकरण कसं चालतं आणि त्यावर एवढं मौन का पाळतात, ते सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवू. पहिला, नाव खरंच नाकारलं गेलं आहे का. दुसरा, नाकारलं असेल तर कारण कळू शकतं का. तिसरा, भावाचा जो हक्क आहे तो त्याला मिळाला का. घरात सगळा जोर दुसऱ्या प्रश्नावर आहे. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी यायला हवा.

पहिल्यापासून सुरुवात करतो. शौर्य पुरस्कार वर्षातून दोनदा जाहीर होतात, प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्य दिनाला. त्यासाठी संरक्षण मंत्रालय दोनदा शिफारशी मागवतं. २६ जानेवारीच्या यादीसाठी साधारण ऑगस्टमध्ये आणि १५ ऑगस्टच्या यादीसाठी साधारण फेब्रुवारीत. तुमच्या भावाची चकमक एप्रिलअखेरची. म्हणजे १५ ऑगस्टच्या यादीसाठी शिफारशी मागवून झाल्यानंतरची. असं प्रकरण पुढच्या २६ जानेवारीच्या फेरीत जाणं अगदी स्वाभाविक आहे. मोठ्या, सगळ्या देशाचं लक्ष असलेल्या कारवाईत हे वेळापत्रक आवळलं जातं. फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीसाठी विंग कमांडर अभिनंदन यांचं वीरचक्र त्याच वर्षी १५ ऑगस्टला जाहीर झालं. पण गलवानची झटापट १५ जून २०२० ची, आणि कर्नल संतोष बाबू यांचं मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झालं २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला. मधला १५ ऑगस्ट तसाच गेला, म्हणून कोणी त्यांचं नाव कापलं होतं असं नाही.

शिवाय यादी पूर्ण पाहिलीत का? बहुतेक घरी वर्तमानपत्रात आलेली चक्रांची नावं पाहतात आणि थांबतात. शौर्यचक्रासाठी केलेली शिफारस वरच्या मुख्यालयात त्याहून खालच्या दर्जाच्या सेना पदकात बदलू शकते, किंवा 'मेन्शन इन डिस्पॅचेस'मध्ये (अहवालात नावाचा खास उल्लेख) येऊ शकते. सेना पदकांची यादी लांबलचक असते. 'मेन्शन'ची नावं वेगळी आणि मोहिमेच्या नावाखाली छापलेली असतात. त्याखाली सेनाध्यक्षांचं आणि आर्मी कमांडरचं प्रशंसापत्र असतं, ज्याला आम्ही कमेंडेशन कार्ड म्हणतो. ही नावं पेपरात सहसा येत नाहीत, युनिटला कळतात. तेव्हा आधी पत्र सूचना कार्यालयाने प्रसिद्ध केलेली संपूर्ण यादी शांतपणे वाचा, आणि पुढच्या २६ जानेवारीपर्यंत 'नाकारलं' हा शब्द घरात वापरू नका.

आता ही शिफारस कुठून कुठे जाते ते पाहू, कारण गोपनीयतेचं निम्मं कारण त्या वाटेतच आहे.

कंपनी कमांडर घटनेचं वर्णन लिहितो. त्याला प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब, नकाशा आणि कारवाईचा अहवाल जोडतात. कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, ते तपासून सही करतात. राष्ट्रीय रायफल्सच्या बाबतीत ते पुढे सेक्टर मुख्यालयात जातं, तिथून फोर्स मुख्यालयात (दक्षिण काश्मीरसाठी व्हिक्टर फोर्स), मग श्रीनगरच्या १५ कोअरमध्ये, मग उधमपूरच्या नॉर्दर्न कमांडमध्ये आणि शेवटी दिल्लीला सेना मुख्यालयात. प्रत्येक ठिकाणचा कमांडर आपलं मत नोंदवतो: शिफारस मान्य, पुरस्काराचा दर्जा वर न्यावा, खाली आणावा, किंवा मान्य नाही. सेना मुख्यालयाची छाननी झाली की प्रकरण संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय सन्मान आणि पुरस्कार समितीपुढे येतं. तिथे संरक्षणमंत्री, तिन्ही सेनाध्यक्ष आणि संरक्षण सचिव असतात. मग पंतप्रधान, आणि अखेरीस राष्ट्रपतींची मंजुरी.

राष्ट्रपतींची सही होईपर्यंत भावाच्या नावावर कुठलाही पुरस्कार नसतो. असतं ते फक्त सीओंचं मत, आणि ते मत बदलण्याचा अधिकार वरच्या प्रत्येकाला आहे. सुभेदारसाहेबांनी बाबांना जे सांगितलं ते खोटं नव्हतं. दवाखान्यात पडलेल्या पोराच्या बापाला धीर द्यावा हीच त्यामागची भावना असणार. पण त्या एका वाक्याचा अर्थ गावाने 'मिळालं' असा घेतला, आणि म्हणून आज 'काढून घेतलं' असं वाटतंय. जे दिलंच गेलं नव्हतं ते कोणी काढून घेतलेलं नाही. हे बाबांना तुम्हीच सांगा. त्यांना तुमच्याकडून ऐकायला सोपं जाईल.

हे सगळं गुप्त का ठेवायचं, याची सरकारी कारणं पुस्तकात मिळतील. मी माझ्या अनुभवातली सांगतो.

सर्वांत मोठं कारण साक्षीदार. बाहेरच्यांना वाटतं की शौर्याचं साइटेशन म्हणजे फक्त स्तुती. तसं नसतं. त्यामागे जवानांचे जबाब असतात, आणि ते जबाब खरे असतील तरच पुरस्काराला वजन आहे. एखादा जवान म्हणतो, "गोळीबार झाला तेव्हा मी भिंतीच्या पलीकडे होतो, आवाज ऐकला, पण कोणी झाडल्या ते पाहिलं नाही." हे सांगायला धैर्य लागतं, कारण ज्याच्याबद्दल सांगायचं तो त्याच्याच बराकीत झोपतो, त्याच्याच तालुक्यातला असतो. हा जबाब उद्या उघड झाला तर? गावी सुट्टीवर आल्यावर त्याला लोक काय म्हणतील? "ह्याच्यामुळे आपल्या पोराचं पदक गेलं." एकदा हे घडलं की पुढच्या वेळी कोणीच खरं बोलणार नाही. सगळे जबाब एका साच्यातले येतील आणि जो खरोखर लढला तो त्या साच्यात हरवेल. स्टाफवर असताना मी असे साच्यातले जबाब वाचले आहेत. चार जणांची वाक्यं शब्दाशब्दाला सारखी असली की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि नुकसान त्या शूर माणसाचं होतं.

दुसरं कारण तो जवान स्वतः. मी कंपनी कमांडर असताना ज्याचं साइटेशन लिहिलं त्याला कधी सांगितलं नाही, आणि माझ्या अधिकाऱ्यांनाही तीच सक्त सूचना होती. आज चकमकीतून आलेला माणूस चार दिवसांनी पुन्हा घेरा घालायला जाणार असतो. त्याच्या डोक्यात फक्त समोरचं घर, खिडकी आणि शेजारचा जोडीदार असायला हवा. 'माझं नाव वर गेलंय' हा विचार सोबत घेऊन गेला तर काही जण नको तेवढं पुढे जातात, काही जण हातचं राखतात. दोन्हींत जीव जातो. आणि नाव आलं नाही, तर आयुष्यभर तो स्वतःला कमी लेखत राहतो. ज्याला कधी कळलंच नाही की आपली शिफारस झाली होती, त्याच्या मनात ही सल राहत नाही. त्याने जे केलं ते त्याच्या पलटणीला माहीत असतं आणि तो ताठ मानेने जगतो. गोपनीयता ज्यांना पदक मिळतं त्यांच्यासाठी फारशी लागत नाही. ती लागते ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी. तुमचा भाऊ "विषय काढू नका" म्हणतो, त्याचा अर्थ मला तरी असाच लागतो. त्याचं ऐका.

तिसरं कारण दबाव. नावं आधी कळली की फोन सुरू होतात. कोणाचा मामा आमदार, कोणाचे गाववाले मंत्र्यांच्या ओळखीचे. दिल्लीतल्या समितीपर्यंत प्रत्येक नावामागे एक चिठ्ठी येऊ लागली तर ज्याच्यामागे कोणीच नाही त्या पोराचं काय? बीड-परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला आणि जनरलच्या मुलाला एकाच मापाने मोजायचं असेल तर ते माप बंद खोलीतच लावावं लागतं.

आणि चौथं, कारवाईची सुरक्षा. शिफारशीत सगळं असतं: कोणत्या मार्गाने पथक गेलं, माहिती कुठून आली, किती जण होते, कोणती उपकरणं होती. राजपत्रात जे छापून येतं त्यात या गोष्टी गाळलेल्या असतात. मूळ कागदात त्या असाव्याच लागतात, नाहीतर वरचा अधिकारी पारखणार कशावरून?

घाईने जाहीर केल्याने काय होतं याचं एक उदाहरण सगळ्या देशासमोर आहे. कारगिलमध्ये टायगर हिलवर लढलेले १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव. १९९९ मध्ये त्यांचं परमवीरचक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. प्रत्यक्षात ते रुग्णालयात उपचार घेत होते. त्यांच्याच नावाचा दुसरा जवान धारातीर्थी पडला होता. एवढ्या पातळ्या ओलांडून गेलेल्या, देशातल्या सर्वोच्च पुरस्काराबाबत हे झालं. मग अर्ध्या वाटेवर असलेल्या कागदावरून गावात फ्लेक्स लावणं किती धोक्याचं, ते तुम्हीच पाहा.

फ्लेक्सचा विषय निघाला म्हणून एक कळकळीची विनंती. ते उतरवा, आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे फोटोही काढायला सांगा. तुमचा भाऊ अजून काश्मीरच्या ड्युटीवर आहे किंवा बरा होऊन परत जाणार आहे. त्याचा चेहरा, पूर्ण नाव, गाव, बटालियनचा क्रमांक आणि चकमकीचं ठिकाण एकाच चित्रावर असणं त्याच्या आणि तुमच्याही घराच्या दृष्टीने चांगलं नाही. दुसरं असं की, आर्मी रूल्स १९५४ च्या नियम २१ प्रमाणे सैन्यातल्या माणसाला परवानगीशिवाय सेवेसंबंधीची माहिती वर्तमानपत्रांना देता येत नाही, प्रत्यक्षही नाही आणि दुसऱ्यामार्फतही नाही. उद्या एखाद्या स्थानिक पत्रकाराने 'शौर्यचक्राची शिफारस डावलली' अशी बातमी छापली तर पहिला प्रश्न तुमच्या भावालाच विचारला जाईल.

म्हणून खासदारसाहेबांकडे जाऊ नका. त्यांचा हेतू चांगला असेल, पण पदकासाठी बाहेरून वजन आणणं सैन्यात शिस्तीविरुद्ध धरलं जातं आणि त्याचा डाग जवानावर येतो, वशिला लावणाऱ्या नातेवाइकावर नाही.

आता माहितीचा अधिकार. सेना या कायद्याच्या बाहेर आहे असा समज आहे, तो चुकीचा. कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीत ज्या संघटनांना वगळलं आहे त्यांत आसाम रायफल्स, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल वगैरे आहेत, भारतीय सेना नाही. तेव्हा अर्ज करता येतो. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

पण अर्ज करता येणं आणि माहिती मिळणं यांत फरक आहे. कोणती माहिती नाकारता येते ते सांगणाऱ्या कलम ८(१) मधली बरीच पोटकलमं इथे आडवी येतात. (क) देशाच्या सुरक्षेचं, (ङ) विश्वासाच्या नात्याने मिळालेल्या माहितीचं, (छ) ज्याच्यामुळे कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा गुप्तपणे माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल अशा माहितीचं, (ञ) वैयक्तिक माहितीचं. शेवटचं पोटकलम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आणखी कडक केलं आहे. कलम ८(२) मध्ये मोठ्या जनहितासाठी माहिती देण्याची वाट आहे खरी, पण एका पदकाच्या प्रकरणात ती उघडणं अवघड.

शिवाय अर्ज तुम्ही केलात तर कायद्याच्या नजरेत भाऊ 'त्रयस्थ व्यक्ती' होतो. तुम्ही सख्ख्या बहीण असलात तरी. अर्ज करायचाच असेल तर त्याने स्वतः, स्वतःबद्दल करावा, आणि तोही पुढची यादी येऊन गेल्यावर. त्यात साक्षीदारांचे जबाब, अधिकाऱ्यांची मतं, टिपणं मागू नयेत. ते नाकारलं जाणार आणि सगळा अर्जच बाजूला पडणार. मागायचं ते साधं: माझ्या नावाने अमुक तारखेच्या कारवाईसाठी शिफारस झाली होती का, आणि ती आता निकाली निघाली आहे की विचाराधीन आहे. एवढ्याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. मिळेलच असं वचन मी देत नाही. ते त्या माहिती अधिकाऱ्यावर, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर आणि कारवाईच्या संवेदनशीलतेवर अवलंबून आहे.

त्याआधी एक सरळ रस्ता आहे आणि लोक तो विसरतात. भावाने सुट्टीवरून परत गेल्यावर, रीतसर मुलाखत मागून, आपल्या सीओंना विचारावं. सैन्यात ही सोय जुनी आहे आणि चांगला सीओ जवानाला टोलवत नाही. ते तपशील सांगणार नाहीत, पण "तुझ्या कामाची दखल युनिटने घेतली आहे" एवढं त्यांच्या तोंडून ऐकलं की माणूस निश्चिंत होतो. एक काळजी घ्या: राष्ट्रीय रायफल्समध्ये जवान ठरावीक मुदतीसाठी येतात आणि मग आपल्या मूळ पलटणीत परततात. शिफारशीचे कागद मूळ पलटणीकडे नसतात, राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनकडे असतात. बदली झाल्यावर चौकशी चुकीच्या दारात होते आणि "आमच्याकडे असं काही नाही" हे उत्तर ऐकून घरचे भलताच अर्थ काढतात.

कोर्टाचं विचाराल तर शौर्य पुरस्कार हा हक्क नाही. कोणाला द्यायचा, कोणता द्यायचा हे सशस्त्र दल न्यायाधिकरण (सैनिकांच्या सेवेची प्रकरणं ऐकणारं) सहसा ठरवत नाही. प्रक्रिया पाळली गेली की नाही, पूर्वग्रह होता का, एवढंच फार तर पाहिलं जातं. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. पण तुमच्या प्रकरणात आज तिथे जाण्यासारखं काही नाही.

आतापर्यंत मी गोपनीयतेची बाजू मांडली आणि ती मला मनापासून पटते. तरी एक गोष्ट मला खुपते, तीही सांगतो. या पडद्याआड निष्काळजीपणाही झाकला जातो. कच्चं लिहिलेलं साइटेशन वर जाऊन पडतं आणि का पडलं ते कोणालाच कळत नाही. 'जिवाची पर्वा न करता', 'अतुलनीय साहस दाखवत' ही वाक्यं मी वाचलेल्या जवळपास प्रत्येक साइटेशनमध्ये होती. त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. वरच्या अधिकाऱ्याला हवं असतं ते वेगळंच. गोळी लागली तेव्हा तो आडोशापासून किती दूर होता? उजेड होता का? समोरून गोळीबार चालू होता की थांबला होता? साथीदाराला ओढण्याचा हुकूम मिळाला होता की तो आपणहून गेला? तो गेला नसता तर काय झालं असतं? हे पाच-सहा प्रश्न ज्या साइटेशनमधून सुटतात ते वर टिकतं. ज्या बटालियनमध्ये लिहिणारा चांगला असतो तिथली पोरं पुढे जातात, आणि ज्या पोस्टवर एक तरुण लेफ्टनंट तीन रात्री न झोपता अहवाल लिहीत असतो तिथली मागे राहतात. हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. शिफारस अंतिमतः निकाली निघाली की ती कोणत्या पातळीवर आणि साधारण कशामुळे थांबली एवढं युनिटला कळवण्याची पक्की पद्धत असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. साक्षीदारांची नावं न सांगता ते करता येतं.

वेळ उलटल्यावर मात्र हे कागद उघडायला हवेत, आणि काही अंशी उघडतातही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींच्या जवानांच्या अनेक पुरस्कारांच्या मूळ शिफारशी आज लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ ३७३' या मालिकेत कोणालाही वाचता येतात. त्या फॉर्मवर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर अशा पायरीपायरीच्या सह्या असतात, आणि काहींवर आधी सुचवलेलं मोठं पदक खोडून खाली छोटं लिहिलेलं स्पष्ट दिसतं. त्या जवानांना हयातीत याचा पत्ता नव्हता. आज त्यांच्या नातवंडांना तो कागद वाचता येतो आणि त्याने कोणाचं नुकसान होत नाही, उलट अभिमान वाढतो. आपल्याकडेही माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा, संसदेचा किंवा विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद सोडल्यास, देण्याची तरतूद आहे. हे दार आज तुमच्या कामाचं नाही, पण ते आहे हे लक्षात असू द्या.

आता तिसरा प्रश्न, जो घरात कोणी विचारलाच नाही. शौर्यचक्र मिळणं कोणाच्या तरी निर्णयावर आहे, पण भावाच्या काही गोष्टी निर्णयावर नाहीत, हक्काच्या आहेत. आणि त्यांत गोपनीय काही नाही, त्याच्याबद्दलच्या नोंदी त्याला मागता येतात.

पहिली, त्याची जखम 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईत झालेली जखम, म्हणून नोंदली गेली का. दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत गोळी लागली असेल तर ती तशीच नोंदली जायला हवी. त्याचा पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या घटनेची युनिटने काढलेली अधिकृत नोंद) निघतो आणि तो रेकॉर्ड ऑफिसला जातो. उद्या त्या पायामुळे त्याची वैद्यकीय श्रेणी खाली आली किंवा नोकरी सोडावी लागली, तर युद्धजखमेचं पेन्शन मिळणं याच नोंदीवर अवलंबून असतं. वर्षांनंतर ही नोंद करून घ्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. साक्षीदार निवृत्त झालेले, युनिट दुसरीकडे गेलेलं. आज ते काम एका अर्जाचं आहे.

दुसरी, पराक्रम पदक. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला ते मिळतं. त्याला शिफारस लागत नाही, समिती लागत नाही, नोंद लागते. तो आपल्या छातीवर ते अभिमानाने लावू शकतो, आणि ते त्याच्या रक्ताने मिळालेलं आहे हे पाहणाऱ्या प्रत्येक सैनिकाला कळतं. आपल्या गावांत या पदकाचं नावच फारसं माहीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तिसरी, कागद. रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप, जखमेचा अहवाल, वैद्यकीय मंडळाची कागदपत्रं यांच्या प्रती त्याने घरी ठेवाव्यात. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलेत तरी चालेल, पण ग्रुपवर टाकू नका.

राज्य सरकारकडून शौर्य पदकधारकांना मिळणाऱ्या रकमेबद्दल गावात कोणी काही सांगत असेल तर आत्ता तिकडे धावू नका. ते काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होतं आणि त्याचा आधार जाहीर झालेला पुरस्कार असतो. शिफारशीवर तिथे काहीही होत नाही.

गावाने सत्कार करायचं ठरवलंच आहे तर भावाला विचारा. त्याची तयारी असेल तर तो सुट्टीवर आल्यावर जरूर करा. लढताना जखमी झालेला आणि जोडीदाराला सोडून न आलेला जवान म्हणून करा. बॅनरवर चक्राचं नाव नको, बटालियनचा क्रमांक नको, चकमकीचं गाव नको. तो नको म्हणाला तर सरपंचांना तुम्हीच थांबवा.

तूर्त भावाला दोनच गोष्टी विचारा: पार्ट टू ऑर्डर निघाला का, आणि जखमेच्या अहवालाची प्रत त्याच्याकडे आहे का. पदकाचा विषय काढू नका, तो या दोन प्रश्नांची उत्तरं आनंदाने देईल. काय म्हणतो ते कळवा. नोंद राहिली असेल तर अर्ज कोणाच्या नावे आणि कसा लिहायचा ते मी सांगतो.